बाबांची सही

३ फेब्रुवारी

आज दुपारी फोंड्याहून बाबांच्या जन्मनोंदीची तेओर घेऊन आलो. मूळ पोर्तुगीज नोंदवहीतील मजकुराची अक्षरशः उतरवलेली प्रत म्हणजे तेओर, आणि पोर्तुगालच्या नागरिकत्वाची खटपट करणाऱ्या गोव्यातील प्रत्येक घरात हा शब्द आता जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याइतकाच सरावाचा झाला आहे. कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून मी ती तीन वेळा वाचली. मला पोर्तुगीज येत नाही, पण नातेवाइकांच्या इतक्या तेओरी पाहून झाल्या आहेत की कोणत्या ओळीत तारीख असते, कोणत्या ओळीत गाव आणि कुठे आईबापांची नावे, हे आता कळू लागले आहे.

आजोबांचे ‘शंकर’ हे नाव कारकुनाने आपल्या कानाला लागले तसे ‘शेंकोरा’ असे लिहिले आहे, तेही एक्स या अक्षराने सुरू करून, कारण पोर्तुगीजमध्ये त्या अक्षराचा उच्चार ‘श’ असा होतो. आमच्या ‘नाईक’ या आडनावाच्या शेवटी क्यू, यू आणि ई ही तीन अक्षरे आहेत. मुक्तीनंतरच्या कागदांवर हेच नाव इंग्रजी वळणाने आले, बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर ते आणखी निराळे झाले, आणि त्यामुळे ही सगळी नावे एकाच माणसाची आहेत असे प्रतिज्ञापत्र आता करावे लागणार आहे. बाबांच्या जन्मतारखेचेही तसेच आहे. नोंदवहीत ११ नोव्हेंबर १९५३ आहे, तर शाळेच्या दाखल्यावर आणि म्हणून आधारकार्डावरही १ जून १९५३ आहे, कारण मुक्तीनंतर गावात सरकारी शाळा सुरू झाली तेव्हा मास्तरांनी बहुतेक सगळ्याच मुलांना जूनची पहिली तारीख देऊन टाकली होती.

या सगळ्याची मला थोडीफार कल्पना होती. मी थांबलो तो आईच्या नावाच्या ओळीपाशी. तिथे ‘रुक्मिणी’ आहे. माझ्या आजीचे नाव सरस्वती होते. निदान मी तिला त्याच नावाने ओळखत होतो, तिच्या बाराव्याच्या पत्रिकेवरही तेच छापले होते. लग्नात नवरीचे नाव बदलण्याची आपली रीत मला अर्थातच ठाऊक आहे, पण आजीलाही आधी दुसरे नाव असणार हे कधी मनात आले नव्हते. पोर्तुगीज नोंदवहीने तिचे माहेरचे नाव तेवढे जपून ठेवले आणि घरात ते कुणाच्याही तोंडी राहिले नाही. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, एका परक्या देशाच्या अर्जासाठी कागद गोळा करताना, मला माझ्या आजीचे नाव कळले.

घरी आल्यावर बाबांना विचारले. ते बराच वेळ तेओरीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “मामा तिला रुकू म्हणायचे. मला वाटायचे लाडाचे नाव असेल.”

१९ फेब्रुवारी

प्रतिज्ञापत्रे झाली. आईबाबांच्या लग्नाच्या नोंदीची प्रतही मिळाली. गोव्यात लग्नाची नागरी नोंद सगळ्यांनाच करावी लागते, त्यामुळे तिच्यासाठी फार हिंडावे लागले नाही; घाटावरच्या मित्रांना आपल्या आईवडिलांच्या लग्नाचा पुरावा शोधताना जो त्रास होतो तो आम्हाला नाही. आता या कागदांवर अपॉस्टिल, म्हणजे ते परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून घ्यायचा आहे.

६ एप्रिल

लिहावे की लिहू नये, असा दोन दिवस विचार करीत होतो. शेवटी लिहितो आहे, कारण ज्या गोष्टीवर घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही तिच्याविषयी निदान स्वतःशी तरी स्पष्ट असावे.

आमचा हक्क कुठून येतो, हे मी मुलांना समजावून सांगत होतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या दृष्टीने पोर्तुगालच्या भूमीवर जन्मलेला असतो. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले, तरी त्या लोकांचे आणि त्यांच्या वंशजांचे नागरिकत्व काढून घेतले नाही. १९८१ च्या पोर्तुगीज नागरिकत्व कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद आईबापांपैकी एकाच्या नागरिकत्वावरून होऊ शकते आणि एकदा ती झाली की तिचा परिणाम थेट जन्मापासून धरला जातो. म्हणजे आधी बाबांची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवायची, मग त्यांचे लग्न, मग माझा जन्म आणि माझ्यामागून माझ्या दोन मुलांचे. मधली एकही कडी गाळता येत नाही.

थोरल्या मुलीने लगेच विचारले, “म्हणजे आजोबा आधीपासूनच पोर्तुगीज आहेत?”

बाबा शेजारच्या खोलीत होते. त्यांनी ऐकले असणार. रात्री जेवण झाल्यावर ते माझ्याकडे आले आणि एवढेच विचारले, की त्यांचे मतदानकार्ड राहील ना.

याचे सरळ उत्तर मला देता आले नाही. दोन वकिलांना विचारले आहे आणि दोघांची मते दोन आहेत. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील नवव्या कलमाप्रमाणे जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. पासपोर्ट घेतला तर वादच उरत नाही. पण पासपोर्ट न घेता नुसती लिस्बनमध्ये जन्मनोंद उतरवली, तर ते नागरिकत्व घेणे झाले की फक्त झालेल्या जन्माची नोंद झाली, हा प्रश्न गोव्यात वर्षानुवर्षे घोळतो आहे आणि त्यावरून लोकप्रतिनिधींच्या निवडणुकीलाही आव्हान दिले गेले आहे. एक वकील म्हणतात, काहीही होणार नाही. दुसरे म्हणतात, होणार नाही असे मी लिहून देणार नाही.

बाबांना कुठेही जायचे नाही. त्यांचे कुळागर, म्हणजे माडपोफळींची बाग, त्यातली पाण्याची पाळी, संध्याकाळचे देवळात जाणे, हे सोडून ते मुंबईतही चार दिवसांवर राहिलेले नाहीत. या सगळ्या खटाटोपातून त्यांना मिळायचे काही नाही आणि काही जाण्याचा संभव असेल तर तो मुख्यतः त्यांनाच आहे. वंशपरंपरेने आलेला हक्क म्हणून आपण जो घेतो, तो प्रत्यक्षात एका जिवंत माणसाच्या नावावर आधी नोंदवावा लागतो, आणि त्या माणसाला विचारायचे असते याचा विचार मी तेओर हातात येईपर्यंत केला नव्हता, याची मला आज लाज वाटते.

मतदानकार्डाचा प्रश्न त्यांनी का विचारला, हे मला ठाऊक आहे. १९ डिसेंबरला बाबा आठ वर्षांचे होते. माघार घेणाऱ्या सैन्याने पूल उडवले त्यांचे आवाज आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याने जाणारे भारतीय जवान, एवढेच त्यांना आठवते. पुढे २८ मार्च १९६२ च्या आदेशाने गोव्यातल्या लोकांना भारतीय नागरिक ठरवले गेले आणि ज्यांना पोर्तुगीजच राहायचे होते त्यांना तसे लिहून देण्यासाठी एक महिना दिला गेला. आजोबांनी लिहून दिले नाही. त्यांनी पाच वर्षांनी, १६ जानेवारी १९६७ ला, जनमत कौलात मत दिले. आमच्या घरात ते मत फुलाला, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याला होते, आणि फूल हरले : १,७२,१९१ मते दोन पानांना, म्हणजे वेगळे राहण्याला, आणि १,३८,१७० फुलाला. हरलेल्या मताची गोष्ट आजोबा आयुष्यभर अभिमानाने सांगत असत. आपला प्रदेश कुठे असावा हे आपल्याला विचारले गेले, साहेबाच्या कचेरीत उभे राहायला बिचकणाऱ्या माणसाला विचारले गेले, हे त्यांना जिंकण्याहरण्यापेक्षा मोठे वाटत असे. बाबांनी प्रौढ झाल्यापासून एकही निवडणूक चुकवलेली नाही. पंचायतीचीसुद्धा नाही.

चवथीचा दुसरा दिवस

स्विंडनहून चुलतभाऊ सहकुटुंब आला आहे. दोन वर्षांनी माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली, सगळे एकत्र बसलो.

तो २०१४ साली गेला, तेव्हा पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहता आणि काम करता येत असे. गोदामात रात्रपाळी करीत त्याने पहिली वर्षे काढली. ब्रिटनचे युरोपीय संघातून बाहेर पडणे आणि ३१ डिसेंबर २०२० ला संपलेली संक्रमणाची मुदत यांतून तो तरला, कारण तो आधीपासून तिथे राहत होता आणि त्याने ३० जून २०२१ च्या मुदतीत अर्ज करून सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्क, मिळवले होते. आमच्यासाठी ते दार बंद झाले आहे. पोर्तुगीज कागद झाले तरी आम्हाला युरोपीय संघातल्याच देशात जावे लागेल, आणि मुलांची शाळा इंग्रजीत झाली असल्याने आम्ही आयर्लंडचा विचार करतो आहोत. तिथे पहिले तीन महिने पासपोर्टावर राहता येते. पुढे नोकरी, व्यवसाय किंवा शिक्षण दाखवावे लागते, नाहीतर पुरेसे पैसे आणि आरोग्यविमा.

मी का निघालो, हेही एकदा नोंदवून ठेवतो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा मी एका खाणीच्या वजनकाट्यावर होतो. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा परत गेलो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा घरी बसलो. नंतरची औषध कारखान्यातली नोकरी बरी आहे, पण दर अकरा महिन्यांनी नवा करार होतो, आणि थोरली दोन वर्षांत कॉलेजात जाईल.

बायको सावंतवाडीची. तिचे आईवडील, आजीआजोबा सगळे तिकडचेच, त्यामुळे तिला जन्माने किंवा वंशाने काही मागता येत नाही. युरोपीय नागरिकाची पत्नी म्हणून तिला माझ्याबरोबर राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळेल आणि लग्नाला तीन वर्षे होऊन गेली असल्याने पुढे पोर्तुगीज नागरिकत्वासाठी अर्जही करता येईल, पण तिने तो करणार नाही असे सांगितले आहे. “घरात एकाचा तरी पासपोर्ट इथला राहू दे,” असे ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. आम्हा तिघांचे भारतीय नागरिकत्व जाईल आणि आम्ही परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डासाठी अर्ज करू. त्या कार्डावर इथे केव्हाही येता येते, कितीही राहता येते, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. कुळागराबाबत एवढे तरी बाबांना मला ठामपणे सांगता आले.

चुलतभावाला मी एकटा असताना विचारले, की त्याच्या वडिलांनी सही कशी केली. तो म्हणाला, वकिलाने जिथे खुणा केल्या होत्या तिथे त्यांनी केली, काही विचारले नाही. नंतर बराच वेळ तो गप्प होता. काका पुढच्याच वर्षी गेले आणि त्याला तेव्हा रजा मिळाली नव्हती.

८ ऑक्टोबर

लिस्बनला पाठवायचा लिफाफा तयार आहे. अपॉस्टिल झालेली तेओर, लग्नाची नोंद, प्रतिज्ञापत्रे, ओळखपत्रांच्या प्रती, सगळे आहे. राहिली आहे ती अर्जावरची बाबांची सही. ते नेहमी देवनागरीत, पूर्ण नाव लिहून सही करतात, ‘शंकर’मधल्या अनुस्वारासकट. सही ओळखपत्रावरच्यासारखीच हवी, म्हणून तीच या अर्जावरही होईल.

काल रात्री मी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला नाही. दोन्ही वकिलांनी काय सांगितले ते सगळे, एकही गोष्ट न लपवता, त्यांना सांगितले, आणि त्यांनी नाही म्हटले तर हा विषय घरात पुन्हा निघणार नाही, असेही सांगितले. हे बोलताना माझा आवाज कापत होता, कारण नाही म्हटल्यावर मुलांसाठी दुसरे काय करता येईल ते मला ठाऊक नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विधानसभेची निवडणूक केव्हा आहे, असे विचारले. मी सांगितले.

“ती होऊ दे. मत देऊन आलो की त्याच दिवशी सही करीन. कागद तोवर शिळे होत नाहीत ना?”

शिळे होत नाहीत, असे मी म्हणालो. बायकोने तिथेच ठरवून टाकले की मुलांचे हे शैक्षणिक वर्ष इथे पूर्ण होईल आणि शाळा सोडल्याचे दाखले त्यानंतर काढायचे. लिफाफा मी बाबांच्या कपाटात, त्यांच्या मतदानकार्डाच्या डब्याखाली ठेवला आहे. कपाट बंद करण्याआधी त्यांनी तेओर पुन्हा एकदा बाहेर काढायला लावली आणि आजीच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवून, पोर्तुगीज अक्षरे लावीत लावीत, ते नाव मोठ्याने वाचले.