रुचून नाही राह्यलं

मागच्या पंधरवड्यात आईला ताप आला होता, तो उतरला पण तोंडाची चव काही परत येईना. एरवी अंबाडीची भाजी, वरून लसणाचं कडकडीत तेल आणि ज्वारीची भाकर असली की ती दुसरं काही मागत नाही, पण त्या दिवशी तेच ताट बाजूला सरकवून म्हणाली, "बापू, मले काही रुचूनच नाही राह्यलं."

हे रुचणं माझ्या डोक्यात बसलं. आमच्याकडे रोजचा शब्द चव, 'रुची' म्हणजे इंटरव्ह्यूला घालायचा इस्त्रीचा शर्ट. पण दुखण्यात बरोबर रुचणंच तोंडात येतं. संस्कृतात रुच् म्हणजे मुळात चमकणं, उजळणं, आवडणं मागून आलं. शाळेत संस्कृतच्या सरांनी रुच् असला की चतुर्थी विभक्ती घ्या, म्हणजे 'मला', म्हणून घोकून घेतलं होतं, तेव्हा नुसता वैताग यायचा, आता कळतं की मराठीतही 'मी रुचतो' म्हणत नाही, 'मला रुचतं' म्हणतो, म्हणजे काम सगळं भाकरीचं, आपण नुसते समोर बसलेले. भाकर तीच, चूल तीच, पण आईपुढे ती उजळतच नव्हती बिचारी.

(मजा या शब्दाचंही असंच, फारसीत मजा म्हणजे चव, आपण तिला ताटातून उचलून थेट जत्रेत नेलं.)

आणि या रुचीचं आपल्या विदर्भाशी जुनं नातं आहे बरं का. कालिदासाच्या रघुवंशात 6व्या सर्गात इंदुमतीचं स्वयंवर आहे, पोरगी विदर्भाची, अंगदेशच्या राजात काही खोट नाही तरी ती पुढे निघून जाते आणि कालिदास म्हणतो 'भिन्नरुचिर्हि लोकः', म्हणजे ज्याची त्याची आवड वेगळी. बस, विषय संपला! आमच्याकडे मुलीनं स्थळ नाकारलं तर चार मावश्या कारण विचारायला येतात.

विदर्भाची दुसरी पोरगी म्हणजे रुक्मिणी, कौंडण्यपूरची. रुक्म म्हणजे सोनं, आणि तेही याच रुच् मधून आलेलं, चमकतं म्हणून. हे मी मोठ्या उत्साहानं आईला सांगितलं, की तुझी रुचणारी भाजी आणि रुखमाई एकाच घरच्या आहेत. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, एक घास मोडला, चावला.

"मंग तिलेच विचारून ये," म्हणे, "भाजीत मीठ काहून नाही टाकलं तं."