एलिट फोर्स: बोर्गशी लढताना, आणि आजच्या पीसीवर चालवताना

टीव्ही मालिकांवरचे बहुतेक गेम मालिकेतले चेहरे आणि संगीत घेतात, आणि आत तोच नेहमीचा गोळीबार असतो. सप्टेंबर २००० मध्ये आलेला 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर – एलिट फोर्स' वेगळा ठरतो, कारण रेव्हन सॉफ्टवेअरने मालिकेतल्या जगाचे नियमच गेमचे नियम केले. ते नियम समजले की गेम सोपा जातो. नाही समजले तर बोर्गच्या, म्हणजे अर्धे यंत्र झालेल्या शत्रूंच्या, क्यूबमध्ये (घनाकार जहाजात) दारूगोळा संपतो.

थोडी पार्श्वभूमी. आकाशगंगेच्या डेल्टा क्वाड्रंट या दूरच्या भागात अडकलेलं व्हॉयेजर हे अंतराळजहाज एका स्फोटानंतर जहाजांच्या स्मशानात येऊन पडतं. आजूबाजूला मोडक्या जहाजांचे सांगाडे, आणि त्यांतून लूट करणारे स्कॅव्हेंजर्स. धोकादायक कामगिऱ्यांसाठी जहाजाचा सुरक्षा अधिकारी टुवॉक याने 'हॅझर्ड टीम' नावाची तुकडी उभी केली आहे. आपण त्यातले एन्साइन मन्रो. अलेक्झांडर की अलेक्झांड्रा हे सुरुवातीला निवडायचं. दोन्ही नावांचं लघुरूप 'अ‍ॅलेक्स' असल्यामुळे बाकीच्या पात्रांना कोणालाही तीच हाक मारता येते. ही शक्कल मला फार आवडते.

आता शस्त्रांकडे. एक माणूस इतक्या बंदुका घेऊन कसा फिरतो, हा प्रश्न या प्रकारच्या गेममध्ये कोणी विचारत नाही. इथे उत्तर दिलं आहे: हॅझर्ड सूटमध्ये ट्रान्सपोर्टर बफर असतो, शस्त्रं त्यात साठवलेली असतात आणि निवडलेलं शस्त्र हातात 'बीम' होतं, म्हणजे क्षणात तिथे प्रकट होतं. शस्त्र बदलताना त्याची झळाळी दिसते.

हाताच्या फेझरची, म्हणजे किरण मारणाऱ्या छोट्या बंदुकीची, बॅटरी आपोआप भरते, त्यामुळे तो कायमचा रिकामा होत नाही. बाकी शस्त्रांना ऊर्जा लागते आणि तिचे दोन साठे आहेत. एक स्टारफ्लीटचा, म्हणजे आपल्याच ताफ्याच्या शस्त्रांचा, दुसरा परग्रहवासीयांच्या शस्त्रांचा. कॉम्प्रेशन रायफल आणि आय-मॉड (त्याबद्दल पुढे) पहिल्या साठ्यावर चालतात, तर स्कॅव्हेंजर रायफल आणि टेट्रिऑन डिसरप्टर दुसऱ्यावर. बहुतेक शस्त्रांचा दुय्यम मारा जबर असतो आणि तितकीच जास्त ऊर्जा खातो.

नवखे खेळाडू फसतात ते इथेच. बोर्ग मालिकेत करतात तेच इथेही करतात, म्हणजे जुळवून घेतात. फेझरचे किंवा रायफलचे पहिले काही मारे लागतात, एखाददुसरा ड्रोन (बोर्ग सैनिक) पडतो, आणि मग हिरवट ढाल चमकून मारा वाया जाऊ लागतो. गेमची सुरुवातच बोर्ग क्यूबमध्ये होते आणि तिथे सगळं फसतं. नंतर कळतं की तो होलोडेकवरचा, म्हणजे जहाजावरच्या आभासी दालनातला, सराव होता. पुढे सेव्हन ऑफ नाइन, ही जहाजावरची एकेकाळची बोर्ग, 'इन्फिनिटी मॉड्युलेटर', म्हणजे आय-मॉड, तयार करते. प्रत्येक माऱ्याला त्याची फ्रीक्वेन्सी बदलते, त्यामुळे बोर्गना जुळवून घ्यायला काही सापडत नाही.

पण आय-मॉड आणि रायफल एकाच साठ्यावर चालतात. ढाल उभी राहिल्यावरही रायफल चालवत राहिलात, तर प्रत्येक फुकट मारा आय-मॉडच्या वाट्याची ऊर्जा खातो. म्हणून क्यूबमध्ये रायफलला हात लावू नका. ड्रोन सावकाश चालत येतात, त्यामुळे मागे सरकत, अंतर ठेवत एकेकाला गाठता येतं. पाठ मात्र भिंतीला ठेवा, कारण नवे ड्रोन थेट बीम होऊन येतात आणि कधी कधी मागेच उभे ठाकतात. स्कॅव्हेंजर्सच्या तळावर उलटा हिशोब. तिथे त्यांचीच रायफल वापरा, पडलेल्यांकडून तिचा साठा भरत राहतो आणि स्टारफ्लीटची ऊर्जा पुढच्यासाठी उरते.

मोहिमांच्या मधे व्हॉयेजरवर फिरता येतं, आणि तिथे शिस्तीत राहावं लागतं. सहकाऱ्यांवर फेझर चालवलात तर खेळ तिथेच संपतो. कंटाळून पुढे पळू नका, थांबून बोलणी ऐका. कॅप्टन जेनवेला केट मलग्रू, टुवॉकला टिम रस, डॉक्टरला रॉबर्ट पिकार्डो यांचेच आवाज आहेत. सेव्हनला सुरुवातीला जेरी रायनचा आवाज नव्हता, तो २००१ मध्ये एक्स्पान्शन पॅकच्या (गेमच्या पुरवणीच्या) सुमारास आला. पात्रांच्या हालचाली आणि प्रसंग रेव्हनच्या 'इकॅरस' या स्क्रिप्टिंग पद्धतीवर चालतात. पुढे 'जेडाय आउटकास्ट' या दुसऱ्या गेममध्येही त्यांनी हीच वापरली.

आता आजच्या पीसीवर चालवण्याबद्दल. सप्टेंबर २०२१ मध्ये हा गेम आणि त्याचा दुसरा भाग जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर आले, त्यामुळे जुनी सीडी शोधत बसायची गरज राहिली नाही. सीडीवरूनच टाकणार असाल तर 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकू नका. गेम आपली सेटिंग्ज स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायला जातो, विंडोज ती गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर'कडे वळवतं, आणि तुम्ही बदललेली फाइल गेम वाचतच नाही. सी ड्राइव्हवर 'गेम्स' असं साधं फोल्डर करून त्यात टाका.

सुरू होतानाच क्रॅश होत असेल तर कारण बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हर. हा गेम क्वेक ३ च्या इंजिनवर आहे. ते इंजिन ड्रायव्हरकडून ओपनजीएल एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या जादा क्षमतांची, यादी मागून घेतं. आजची यादी इतकी लांब असते की २००० सालच्या इंजिनने राखलेल्या जागेत ती मावत नाही. एनव्हिडियाच्या प्रोफाइलमध्ये ही यादी छोटी करण्याची सोय आहे, ती या गेमपुरती चालू करा.

वाइडस्क्रीनसाठी शिफ्ट आणि टिल्डे (~) दाबून कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची पट्टी, उघडा आणि 'आर_मोड' उणे १ करा. मग 'आर_कस्टमविड्थ' आणि 'आर_कस्टमहाइट' यांत आपल्या मॉनिटरचे आकडे भरा आणि 'व्हिड_रीस्टार्ट' द्या. सगळं अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचं. एवढ्याने काम होत नाही. या इंजिनात दृश्यकोन आडवा मोजतात, म्हणून रुंद पडद्यावर वरचा-खालचा भाग कापला जातो आणि सगळं अंगावर आल्यासारखं दिसतं. 'सीजी_एफओव्ही' वाढवा: ४:३ वर ८० असेल तर १६:९ वर ९६, आणि ९० असेल तर १०६. पडद्यावरची आरोग्याची व ऊर्जेची चिन्हं मात्र ताणलेलीच राहतील, कारण ती ६४० बाय ४८० च्या चौकटीत आखलेली आहेत.

खिडकीत चालवलं तर चित्र काळवंडतं. क्वेक ३ चं इंजिन उजेड वाढवतं ते पूर्ण पडद्याच्या गॅमावर (उजेडाच्या सेटिंगवर), आणि खिडकीत ते बंद असतं. मुळातच अंधारलेल्या बोर्ग क्यूबमध्ये मग काही सुधरत नाही. एकतर पूर्ण पडद्यावर खेळा, नाहीतर 'आर_इन्टेन्सिटी' दीडपर्यंत नेऊन पुन्हा 'व्हिड_रीस्टार्ट' द्या. मोहिमा आणि 'होलोमॅच' हा मल्टिप्लेअर या दोन वेगळ्या प्रोग्रॅम फाइल्स आहेत, त्यामुळे एकात केलेली सेटिंग्ज दुसऱ्यात येत नाहीत.

होलोमॅचसाठी तर 'आयओईएफ' हे मुक्त इंजिन वापरा. क्वेक ३ चा सोर्स कोड २००५ मध्ये खुला झाला, त्यावर ते उभं आहे, आणि वरच्यापैकी बऱ्याच कटकटी त्यात उरत नाहीत. मोहिमा मात्र त्यावर चालत नाहीत, त्या मूळ फाइलनेच खेळाव्या लागतात. होलोमॅचमध्ये 'असिमिलेशन' हा प्रकार जरूर खेळा. एक बाजू बोर्गची असते, आणि त्यांनी ज्याला गाठलं तो त्यांच्याच बाजूने उभा राहतो. तुमची माणसं कमी होत जातात तशी त्यांची वाढत जातात, तेव्हा शेवटपर्यंत एकत्र राहा, एकट्यादुकट्याने कोपऱ्यात जाऊ नका.