वाड्यातला डबा ऐसपैस आणि मे महिन्यातली आमची गँग

जुन्या नाशकात ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना सांगायला नको, वाड्यातल्या पोरांना मैदान कधी लागलंच नाही. आमचा वाडा तिवंधा चौकाजवळ, मधे फरशीचा चौक, वर लाकडी माडी, पुढं दिंडी दरवाजा आणि मागच्या दाराने थेट पलीकडच्या बोळात निघता यायचं. ते मागचं दार म्हणजे आमच्या सगळ्या खेळांचा जीव.

मे महिना लागला की मालेगावची आतेभावंडं यायची, येवल्याहून मावशीची पोरं यायची, वाड्यातली तर होतीच. येवल्याची पोरं भर उन्हाळ्यात पण पतंगाच्याच गप्पा मारायची, आसारी म्हणजे मांज्याची फिरकी कशी धरायची, ढील कधी द्यायची, आणि आम्ही माडीवर पालथं पडून ऐकत बसायचो.

पण संध्याकाळ झाली की डबा ऐसपैसच. डालड्याचा रिकामा डबा, एकाने तो जीव खाऊन लांब फेकायचा, ज्याच्यावर राज्य त्याने जाऊन आणून गोलात ठेवेपर्यंत बाकी सगळे गायब. कुणी जिन्याखाली, कुणी न्हाणीत, कुणी आजीच्या पलंगाखाली, आणि आजी पण काय, विचारलं तर सरळ म्हणायची इथं कुणी नाही रे बाबा! माझा आतेभाऊ यात एकदम उस्ताद. तो अंधारात कुणाशी तरी शर्ट बदलायचा आणि खांबाआडून नुसती बाही दाखवायचा, राज्यवाला घाईत चुकीचं नाव घ्यायचा, की सगळे बाहेर येऊन ओरडणार, अंडं फुटलं! झालं, परत राज्य त्याच्यावरच. कधी कधी एकच पोरगा जेवणाची हाक येईस्तोवर राज्य घेत राहायचा, रडकुंडीला यायचा, पण खेळ सोडून जायचा नाही.

लहान भावंडांना कच्चा लिंबू करायचो, म्हणजे त्यांनी पळायचं, लपायचं, पण राज्य यायचं नाही. मला अजूनही वाटतं इतका चांगला नियम मोठ्यांनी पण कुठं केला नसेल, खेळता येत नाही म्हणून कुणाला ओट्यावर बसवलंय असं आमच्यात झालंच नाही.

आणि रंगपंचमी! बाकी गावांत धुळवडीला रंग खेळतात, आपल्याकडं पंचमीलाच. तिवंध्याच्या चौकात वर्षभर ज्या जमिनीवरून गाड्या जायच्या तिच्याच खालची पेशवेकालीन रहाड, म्हणजे रंगाचा मोठा हौद, पंचमीसाठी उघडायची, पूजा व्हायची, रंगाचं पाणी भरायचं आणि मोठी पोरं त्यात धप्पा, म्हणजे धपकन उडी, मारायची, की काठावरचे सगळे भिजून पिवळे. आम्हाला उडी मारायची परवानगी नसायची, काका खांद्यावर घेऊन उभा राहायचा. तिथं जागा मिळाली नाही तर शनी चौकात पळायचं, तिथल्या रहाडीचा रंग गुलाबी, घरी आल्यावर आईला कपडे बघून बरोबर कळायचं कुठं कुठं फिरून आलोय ते.

आता वाडा पडून तिथं बिल्डिंग झालीये. यंदा मे मध्ये सगळी भावंडं पोराबाळांसकट येतायत, मी ग्रुपवर लिहूनच टाकलंय की मोबाईल वर ठेवायचे आणि खाली पार्किंगमधे डबा ऐसपैस होणार, खांब भरपूर आहेत लपायला. पोरांना नियम मी सांगेन, पण शर्ट बदलायची ट्रिक आतेभावानेच शिकवायची, ती त्याचीच आहे.