एका रात्रीचे पाहुणे

सांतियागोची वाट चालून आले असं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला : खर्च किती आला? विमानाचं तिकीट आणि बूट सोडले तर मला धड उत्तर देता येत नाही. फ्रान्समधल्या, स्पेनच्या सीमेजवळच्या साँ-जाँ-पिए-द-पोर गावातून निघून उत्तर स्पेन ओलांडत सांतियागो दे कोंपोस्तेलाला पोचणारी ही ख्रिस्ती यात्रेची वाट साधारण 780 किलोमीटरची. मुक्कामाला अल्बेर्गे असतात, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळाच. बऱ्याच ठिकाणी दर ठरलेला असतो. पण चर्चच्या काही अल्बेर्ग्यांत दर नसतो, पेटी असते. त्याला ‘दोनातिवो’ म्हणतात. जमेल तेवढं टाका. किती टाकलं ते कुणी बघत नाही.

स्पेनच्या ला रिओखा प्रांतातल्या ग्रान्यॉन गावची पेटी तर उघडीच असते. तिच्यावर लिहिलंय, देता येईल ते ठेवा, लागेल ते घ्या. मी पुन्हा एकदा वाचलं. लागेल ते घ्या! आपल्याकडे दानपेटीला कुलूप आणि वर कॅमेरा. झोपायची सोय चर्चच्याच इमारतीत, घंटेच्या मनोऱ्याच्या जिन्यानं वर गेल्यावर. पलंग नाहीत, जमिनीवर पातळ गाद्या. स्वयंपाक सगळ्यांनी मिळून करायचा. मला कांदे चिरायला बसवलं, एका कोरियन मुलाला टेबल मांडायला. ‘तुम्ही ख्रिस्ती का?’ असं कुणी विचारलं नाही. नाव, देश, यात्रेच्या पासबुकावर शिक्का आणि मग ‘पाय कसे आहेत?’ एवढीच चौकशी. जेवणानंतर चर्चच्या वरच्या सज्जात प्रार्थना झाली. एक पेटती मेणबत्ती हातोहात फिरते. ज्याच्या हाती येईल त्यानं आपल्या भाषेत काही म्हणायचं, नाहीतर नुसती पुढं द्यायची. मी अभंग म्हटला. शेजारच्या बाईंना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी शेवटी ‘आमेन’ म्हटलं.

हे सगळं चालवणारे ओस्पितालेरो स्वयंसेवक असतात. बहुतेक जण आधी स्वतः ही वाट चाललेले. सुट्टी काढून यायचं, पंधरा दिवस बिनपगारी राबायचं आणि घरी जायचं. काम सांगण्यासारखं नाही : संडास घासणं, फरशी पुसणं, कुणाच्या पायाचे फोड बघणं, घोरण्यावरून झालेली भांडणं मिटवणं. शिस्तही कडक. आजारी नसाल तर मुक्काम एका रात्रीचा, दहाला दिवे बंद, सकाळी आठच्या आत बाहेर. सुरुवातीला मला हे रुक्ष वाटलं. मग लक्षात आलं, तुम्ही आठला निघालात तरच दुपारी येणाऱ्याला जागा मिळते.

या आतिथ्याचं मूळ येशूच्या वाक्यात आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात : मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलंत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठांसाठी नियम लिहिले, त्यात येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्तच समजा असं सांगितलं. मला त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो. गरीब आणि यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्या, कारण श्रीमंताचा मान तो आपसूक मिळवतोच. आणि पाहुण्यांची चूल वेगळी ठेवा, कारण ते कधीही टपकतात आणि मठात पाहुण्यांना तोटा नसतो. हे लिहिणाऱ्यानं नक्कीच अवेळी आलेल्यांना वाढलं असणार. बाराव्या शतकातल्या यात्रेकरूंच्या लॅटिन मार्गदर्शिकेत तर धमकीच आहे. गरम राखेखाली भाकरी असून एका बाईनं यात्रेकरूला ‘नाही’ म्हणून सांगितलं. राख उकरली तर भाकरीचा गोल धोंडा झालेला.

पण मला बोलायचंय ते सान निकोलास नावाच्या अल्बेर्गेबद्दल. पिसुएर्गा नदीच्या पुलाअलीकडे, बुर्गोस प्रांत संपतो तिथं, ही एकच जुनी दगडी वास्तू. उन्हाळ्यात इटलीतल्या पेरुजियाची एक यात्रेकरू मंडळी ती चालवते. आत वीज नाही, मेणबत्त्यांवर जेवण. जेवणाआधी आम्हाला वेदीपाशी अर्धवर्तुळात बसवलं आणि एका पायातला मोजा काढायला सांगितला. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ गुडघ्यावर बसले, तांब्यानं माझ्या पावलावर पाणी घातलं, टॉवेलनं पुसलं आणि पावलाला ओठ टेकवले.

मी आळंदी ते पंढरपूर चाललेली बाई. वारीत पाया पडण्याचं नवल नाही. कोण कुणाच्या पाया पडतो याचा हिशेबच नसतो, समोरचा माउली. वाटेवरच्या गावांत अनोळखी लोक पायांना तेल चोळून देतात. तरी इथं मी आकसले. वारीत मी दिंडीतली असते. तंबू आमचा, आचारी आमचा, जयघोष माझ्या भाषेत. इथं मी कुणाचीच नव्हते, त्यांच्या देवाचीसुद्धा नाही. माझा नंबर झाल्यावर न राहवून मी वाकले आणि आजोबांच्या पायाला हात लावला. ते दचकून मागे सरले. मग बहुधा त्यांना वाटलं, हिच्याकडे अशीच रीत असेल. हसून त्यांनी दुसराही पाय पुढं केला.

रात्री भांडी विसळताना मोडक्या इंग्रजीत बोलणं झालं. ते पोस्टातून निवृत्त झालेले. मी म्हटलं, केवढं मोठं काम करता तुम्ही. ते म्हणाले, छे, इथं सोपं आहे. इथला पाहुणा सकाळी जातो. माझ्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब आलंय, दूरच्या देशातलं. रात्री उशिरापर्यंत टीव्ही, जिन्यात सायकली. ते जात नाहीत. वर्षभर मी त्यांना नुसतं ‘बोनजोर्नो’ म्हणतो. इथून गेल्यावर त्यांना जेवायला बोलवायचं म्हणून दर वर्षी ठरवतो.

वाटेवरच्या सारिया गावापासून पुढं गर्दी वाढते. शेवटचे शंभर किलोमीटर चाललं की प्रमाणपत्र मिळतं, म्हणून पुष्कळ जण तिथूनच सुरू करतात. खाटांसाठी पळापळ, आधी आरक्षण. बाकी वाटेबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

पुण्यात परत आल्यावर मात्र पोस्टातल्या आजोबांचा वरचा मजला डोक्यातून जाईना. आमच्या सोसायटीत सामान पोचवणाऱ्या पोरांना लिफ्ट बंद आहे. पाच मजले चढून आलेल्या पोराला पाणी विचारलं तर आधी तो मागे कुणी बघतंय का ते पाहतो. मी कमिटीला अर्ज दिला : लिफ्ट खुली करावी, फाटकाशी माठ आणि बाक ठेवावं. ‘मग कुणीही येऊन बसेल की,’ एक सभासद म्हणाले. बाक त्यासाठीच असतं, असं मी म्हटलं. विषय वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घेतलाय, पार्किंगच्या खाली.