हाकेचं नाव, सहीचं नाव

टिळकांचं मूळ नाव केशव. घरात हाक 'बाळ' अशी पडली आणि केसरीवाड्यापासून इतिहासाच्या पुस्तकापर्यंत तेच राहिलं. जुन्या चीनमध्ये मात्र हाकेचं नाव असं सहज पडत नसे, ते रीतसर ठेवलं जाई.

मुलगा २० वर्षांचा झाला की टोपी घालण्याचा विधी. चिनी मोजणीत जन्मतःच एक वर्ष धरतात, म्हणजे आपल्या हिशेबानं १९च्या आसपास. एकामागून एक तीन टोप्या चढवायच्या: आधी काळ्या कापडाची, मग कातड्याची, शेवटी यज्ञयागाला घालायची. आणि नवं नाव ठेवायचं ते बापानं नव्हे, मुद्दाम बोलावलेल्या पाहुण्यानं. मुलींचे केस १५व्या वर्षी वर बांधून त्यात आकडा खोवत.

या नव्या नावाला 'त्स' म्हणतात, जन्मनावाला 'मिंग'. बरोबरीच्यांनी त्स घ्यायचं. मिंग घेण्याचा मान आईवडील, गुरू आणि राजाचा. स्वतःबद्दल बोलतानाही मिंगच, म्हणून पत्राच्या मायन्यात समोरच्याचं त्स आणि खाली सहीला आपलं मिंग. हे उलट झालं की बिनसलं: दुसऱ्याचं मिंग तोंडावर घेणं हा अपमान, स्वतःचं त्स मिरवणं हा उद्धटपणा. नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं.

खरी गंमत त्स जुळवण्यात आहे, कारण ते मिंगच्या अर्थाला धरून असावं लागतं. मुत्सद्दी झुगे लियांगचं त्स कोंगमिंग. लियांग म्हणजे उजळ, कोंगमिंग म्हणजे फार उजळ. (हे मिंग ऐकायला तेच, पण अक्षर वेगळं.) सेनापती युए फेईच्या नावात उडणं आहे, तर त्याच्या त्समध्ये पंग या महापक्ष्याची झेप. कधी उलट्या अर्थानं तोल साधतात, आणि हा प्रकार मला सर्वांत देखणा वाटतो: लेखक-कवी हान यूच्या 'यू'मध्ये ओलांडून पुढे जाणं आहे, म्हणून त्स तुईझी, म्हणजे मागे सरणं. कधी भावंडांतला क्रम येतो. बो थोरला, झोंग दुसरा, शू तिसरा, जी धाकटा. कन्फ्यूशियसचं त्स झोंगनी. 'झोंग'वरून दुसरा मुलगा कळतो आणि 'नी' हा जन्मगावाजवळचा डोंगर.

अनुवादात एकच माणूस दोन नावांनी आला की वाचक दोन माणसं समजतो. आडनाव आधी, मग मिंग किंवा त्स, एवढं धरून वाचलं तर गल्लत होत नाही. स्वतः निवडलेलं 'हाओ' वेगळं, ते आपल्या कवींच्या टोपणनावासारखं.

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ, म्हणून हेही सांगायला हवं: जपानमधलं 'आझाना' हे याच त्सचं रूप, पण ते मुख्यतः चिनी विद्येच्या पंडितांपुरतं. सामुराईंचं हाकेचं नाव 'त्सूशो' आणि खरं नाव 'इमिना'. साकामोतो या सामुराईचं र्‍योमा हे त्सूशोच. खरं नाव इतकं झाकलेलं असे, की सामुराई सेनानी साइगोला दरबारी पदवी मिळताना स्नेह्यानं चुकून त्याच्या वडिलांचं ताकामोरी हे नाव कळवलं. त्याचं स्वतःचं नाव ताकानागा होतं. पुढे १८७२ साली सरकारनं एका माणसानं एकच नाव लावायचा हुकूम काढला आणि साइगो कायमचा ताकामोरीच राहिला.