तुम्ही विचारलंत म्हणून: लिंबाचं झाड हिरवंगार, पण लिंबू एक नाही

'झाड पानांनी भरलंय, मग फळ का धरत नाही?' पुण्यात बंगल्याच्या आवारात कागदी लिंबू लावलेल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. आधी वय बघा. कलम साधारण तिसऱ्या वर्षी फळावर येतं, बियांच्या रोपाला पाच-सहा वर्षं लागतात. कलमाच्या जोडाखालून फांदी फुटली असेल, तर ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाची, बहुधा जंबेरी लिंबाची. ती जोमाने वाढते आणि वरचं कलम मागे पडतं. दिसली की बुडातून काढा.

वय झालेलं असेल, तर दोष बहुतेक वेळा लाडाचा. रोज पाइप लावायचा, वर मुठीमुठीने युरिया. मग झाड फुलायचं सोडून पालवीच काढत बसतं. लिंबाला ताण लागतो. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडा: मुरमाड जमिनीत महिनाभर, काळ्या मातीत दीड-दोन महिने. पानं मलूल होऊन चौथा हिस्सा गळाली की ताण पुरे. घाबरून मध्येच बादलीभर पाणी ओतलंत, तर सगळी मेहनत वाया. कुंडीतल्या झाडावर मात्र हा हिशोब लावू नका. दुपारी कोमेजलेली पानं सकाळीही ताठ झाली नाहीत, की लगेच पाणी द्या.

ताण तोडताना, म्हणजे पुन्हा पाणी सुरू करताना, आळ्यातली माती दोन इंच हलवून दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळा. मुळं वरवर असतात, कुदळ खोल घालू नका. पहिलं पाणी हलकं, दुसरं चार-पाच दिवसांनी, मग भरपूर. फुलं दोन-चार आठवड्यांत येतात, फळ तयार व्हायला पाच-सहा महिने. फुलोऱ्यात कीटकनाशक नको, मधमाश्या जातात. पुढे पाण्यात खंड पडला, की बारीक फळं गळतात.

बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल, तर नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू शकतात. ही लोह-जस्ताची कमतरता, पाण्याची नव्हे. लिटरला 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 2.5 ग्रॅम चुना मिसळून फवारा. लोहासाठी चिलेटेड (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) खत वेगळं द्या.

पावसाळ्यात पानांवर, फळांवर खरबरीत तपकिरी ठिपके आले, तर तो खैऱ्या. रोगट फांद्या कोरड्या दिवशी छाटा आणि लिटरला 3 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी हाताने वेचा. पानावर नागमोडी चंदेरी रेघा म्हणजे नागअळी. मोठं झाड ती सहज सोसतं, उगाच औषधं मारू नका. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, मात्र झाड घेऊन जातो: खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करा, आतलं कोरडं, पाणी बाहेरच्यात.

आणि ऊन? शेजारच्या इमारतीच्या सावलीत झाडाला सहा तास ऊन मिळत नसेल, तर वरचं काहीही करून लिंबू लागणार नाही. त्यापेक्षा गच्चीवर 20 इंची कुंडीत नवीन कलम लावा.