आडवा वारा, उंच व्हॅन आणि टायरची भिंत

व्हॅन ताशी ९० किलोमीटरने चालली आहे आणि बरोबर आडवा वारा ६० चा आहे, तर तिच्या अंगावर सुमारे १०८ चा वारा तिरका आदळतो. टायर बदलून हा रेटा तसूभरही कमी होत नाही. टायर ठरवतो ते एवढंच, की गाडी किती सरकेल आणि स्टिअरिंग वळवल्यावर किती लवकर ऐकेल. लांबच्या प्रवासात खांदे भरून येतात ते मात्र या उशिरापायीच.

हा उशीर डोळ्यांनी बघता येतो. गाडी सपाट जागी उभी करा. एकाने छताच्या कडेला दोन्ही हातांनी लयीत रेटे द्यावेत, दुसऱ्याने मागच्या टायरशी उकिडवं बसून रिमची कड बघावी. रिम आडवं सरकतं, जमिनीला टेकलेलं रबर तिथेच राहतं आणि मधली भिंत मुडपते. रस्त्यावर आपण उलटं स्टिअरिंग देतो तेव्हा आधी ही मुडप सुटते, मग गाडी वळते.

म्हणून भिंत जितकी बुटकी आणि ताठ, तितकं बरं. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि ‘आर’पुढचा रिमचा व्यास इंचांत. २३५/६५ आर१६ ची भिंत साधारण १५३ मिलिमीटर उंच असते, २३५/६० आर१७ ची १४१. बाहेरचा व्यास दोन्हींचा जवळपास सारखाच, ७१२ आणि ७१४, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. नुसता रुंद टायर जुन्याच अरुंद रिमवर चढवणं मात्र चूकच. भिंती फुगून बाहेर येतात आणि आडवी ताठरता उलट कमी होते.

व्हॅनला आकारापुढे ‘सी’ लिहिलेला, म्हणजे मालवाहू बांधणीचा टायरच हवा. त्याच मापाचा कारचा टायर हलका आणि मऊ चालतो, पण वाऱ्यात डुलतो. लोड इंडेक्सही बघा: १२१ म्हणजे एका टायरला १४५० किलो, ११५ म्हणजे १२१५. कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली कधीच जाऊ नका. खोल, मोठ्या ठोकळ्यांची नक्षी असलेले टायर वाऱ्यात सर्वांत त्रासदायक, कारण तिथे भिंतीबरोबर ठोकळेही वाकतात. याच कारणाने कोरे टायर पहिले काहीशे किलोमीटर जरा सैल वाटतात. तेवढ्यावरून त्यांना नावं ठेवू नयेत.

सर्वांत महाग चूक म्हणजे पुढे ताठ आणि मागे मऊ. मागचे टायर पुढच्यापेक्षा ढिले असले की झोत आल्यावर शेपूट डुलते, चालक सावरायला जातो आणि गाडी गरजेपेक्षा जास्त वळते. चारही टायर एकाच नमुन्याचे ठेवा, आणि दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवा.

आता हवा. खर्च न करता सर्वाधिक फरक इथेच पडतो. हवा थंड टायरवर मोजा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. ६५ पीएसआय भरलेल्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी उतरलं तर जवळपास पावणेतीन पीएसआय घटतात, म्हणून थंडीची लाट आल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही धुऱ्यांचं वजन काट्यावर करून टायर कंपनीच्या तक्त्यानुसार हवा ठरवावी. मग वाऱ्यासाठी मागे दोन-तीन पीएसआय वाढवून बघायला हरकत नाही. टायरवर आणि रिमवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. साधा रबरी व्हॉल्व्ह बहुधा ६५ पर्यंतचाच असतो, त्यापुढे धातूचा बसवावा लागतो. रिकाम्या गाडीत भरल्या गाडीची हवा ठेवली तर मागचं चाक खड्ड्यांवर उडतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते.

एवढं करूनही गाडी भरकटत असेल तर नवे टायर घेण्याआधी अलाइनमेंट, मागचे बुश (धुऱ्याच्या सांध्यांतले रबरी तुकडे) आणि शॉक ॲब्सॉर्बर तपासून घ्या. झिजलेल्या बुशमुळे मागचा धुरा स्वतःच किंचित वळतो, आणि ते चालवताना अगदी ढिल्या टायरसारखंच जाणवतं.